जुन्या मोटारीचा पट्टा ओरडतो, तेव्हा...

पावसाळ्यातील ओलसर सकाळी जुनी मोटार सुरू करावी आणि बॉनेटखालून कर्कश किंचाळी उठावी, हा अनुभव अनेक वाहनधारकांच्या परिचयाचा आहे. इंजिन जरा तापले की आवाज थांबतो आणि विषय मागे पडतो. प्रत्यक्षात इंजिनाचा पट्टा, म्हणजेच फॅनबेल्ट, पुलीवरून घसरत असल्याची ती सूचना असते. ती वेळीच ऐकली तर काम बहुधा एका पट्ट्याच्या किमतीत भागते. दुर्लक्ष झाले तर खर्च हेड गॅस्केटपर्यंत पोहोचू शकतो.

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर यांसारख्या गाड्यांत एकच पट्टा पाण्याचा पंप, रेडिएटरचा पंखा आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतो. मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर चालतो. मात्र पंप आणि अल्टरनेटर पट्ट्यावरच अवलंबून असतात. अशा गाडीचा पट्टा घाटात तुटला, तर बॅटरीचे चार्जिंग बंद होते आणि पाणी खेळायचे थांबल्याने इंजिन काही मिनिटांतच तापते.

आवाज सकाळीच का?

स्टार्टरने बॅटरीतील वीज खर्च केलेली असते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर सुरुवातीला अधिक भार येतो. त्यात पट्टा दमट असेल, तर पकड सुटते. हेडलाइट लावताच किंवा अॅक्सिलरेटर दाबताच किंचाळी वाढणे हे त्याचेच लक्षण. एसी सुरू केल्यावरच आवाज येत असेल, तर कॉम्प्रेसरचा पट्टा आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर येत असेल, तर पॉवर स्टीअरिंगचा पट्टा पाहावा. इंजिनाच्या वेगाबरोबर ताल धरणारी चिवचिव बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याचे सांगते. सततची घरघर असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

तपासणी कशी करावी?

इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे, किल्ली काढावी आणि बॅटरीची ऋण वायर सोडवावी. विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फिरू लागतो, हे लक्षात ठेवावे. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

जुन्या गाड्यांतील निमुळता पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी पकड घेतो. त्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, रबराला भेगा पडल्या असतील, धागे सुटले असतील किंवा झिजलेला पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल, तर तो बदलणे हाच उपाय. पट्ट्यावर ऑइल किंवा कूलंट आढळल्यास आधी गळती थांबवावी. अन्यथा नवा पट्टाही लवकरच खराब होईल.

नंतरच्या काळातील गाड्यांत आतून रेघा असलेला रुंद पट्टा असतो. आवाज येत असताना त्याच्या रेघांच्या बाजूवर लांबून थोडे पाणी फवारावे. आवाज वाढला, तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला, तर पुल्यांची रेषा चुकली आहे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. यातील ईपीडीएम रबराच्या पट्ट्याला भेगा सहसा पडत नाहीत. तो टायरसारखा झिजतो. त्यामुळे केवळ भेगा नाहीत म्हणून पट्टा चांगला, असे समजू नये.

ताण किती असावा?

दोन पुल्यांमधील सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यभागी अंगठ्याने जोर देऊन दाबल्यास निमुळता पट्टा साधारण १० मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. ताण वाढवण्यासाठी अल्टरनेटरचे बोल्ट किंचित सैल करून तो इंजिनापासून बाहेर ओढावा आणि बोल्ट पुन्हा आवळावेत.

पट्टा जितका घट्ट तितका चांगला, हा समज चुकीचा आहे. अति ताणामुळे किंचाळी थांबते. पण पंप व अल्टरनेटरची बेअरिंग लवकर जातात. पट्टा उतरवलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. ती अडखळत किंवा डगमगत असेल, तर केवळ पट्टा बदलून उपयोग नाही.

पट्टा बदलताना

अॅम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे त्याच्या कितीतरी आधी. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते. म्हणून जुना पट्टा सोबत नेऊन लांबी-रुंदी जुळवावी आणि नवा पट्टा वाकवून पाहावा. तो स्क्रू-ड्रायव्हरने रेटून चढवू नये. आतील धागे तुटतात. बसवल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करावे आणि ताण पुन्हा तपासावा, कारण नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो. मारुती ८०० मध्ये झाकणाआड असलेला टायमिंग बेल्ट मात्र वेगळा. त्याचे काम माहीतगार मेकॅनिककडेच सोपवावे.

साबण, मेणबत्ती किंवा स्प्रे यांनी आवाज काही दिवस दबतो, पण घसरण्याचे कारण तसेच राहते. वर त्या चिकट थरावर धूळ बसून पट्ट्याची झीज वाढते.

प्रवासात बॅटरीचा लाल दिवा लागून तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर पट्टा तुटला असे समजून गाडी तत्काळ कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. पुढच्या गावापर्यंत गाडी रेटण्याचा मोह इंजिनाच्या मुळावर येतो. लांबच्या प्रवासाला निघताना योग्य मापाचा एक पट्टा आणि तो बसवण्यापुरते पाने डिकीत असले, तर जुनी गाडीही निश्चिंतपणे घाट चढू शकते.