फुटबॉलच्या पंचाची जागा

फुटबॉलच्या मैदानावर सर्वांत अधिक बोलणीं कोण खात असेल तर तो पंच. परंतु लंडन येथें १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशनचे नियम प्रथम लिहिले गेले, तेव्हां त्यांत पंचाचें नांवच नव्हतें. खेळणारे सारे सभ्य गृहस्थ. तंटा उद्भवलाच तर दोन्ही नायक तो आपसांत मिटवतील, अशी समजूत होती. ती फार काळ टिकली नाहीं. पुढें प्रत्येक संघानें आपला एक पंच द्यावा अशी वहिवाट पडली. आपापला पंच म्हटल्यावर दोघांचें एकमत कसलें होणार! म्हणून त्यांच्यावर एक सरपंच आला. खेळाडूंनीं दाद मागावी, पंचांत मतभेद व्हावा, आणि मग मैदानाबाहेर उभ्या असलेल्या सरपंचानें निवाडा द्यावा, असा तो द्राविडी प्राणायाम होता.

१८९१ सालीं ब्रिटिश बेटांतील चार संघटनांच्या मंडळानें दोन मोठे फेरफार केले. आयर्लंडांतील मिलफर्ड गांवचा गोलरक्षक विल्यम मॅक्रम याच्या कल्पनेंतून निघालेली पेनल्टी किक नियमांत आली. आणि सरपंच रेषा ओलांडून मैदानांत आला. जुने दोघे पंच बाजूच्या रेषांवर गेले व लाइन्समन झाले.

अधिकार मिळाला खरा, पण शंभर यार्डांच्या मैदानांत एका माणसानें उभें कोठें राहावें? चेंडूमागें धांवावें तर खेळाडूंच्या पाठीच दिसतात. मधोमध राहावें तर गोलापाशीं काय घडलें तें कळत नाहीं. त्यांत ऑफसाइडची भर. १९२५ सालीं तो नियम सैल झाला. आक्रमकापुढें तीनऐवजीं दोन प्रतिस्पर्धी असले तरी पुरे झालें. पण ही ओळ अचूक पाहावयाची तर बाजूला, अगदीं त्याच ओळींत उभें असावें लागतें. इतर कोठूनही पाहणाऱ्यास अंतर तिरकें दिसतें व तो फसतो.

या अडचणीवर स्टॅन्ली राउस या इंग्रज शाळामास्तरानें तोड काढली. १९३४ सालीं वेंब्ली येथें मँचेस्टर सिटी व पोर्टस्मथ यांच्यांत झालेल्या एफ्. ए. कपच्या अंतिम सामन्यांत पंच म्हणून त्यानें तिरपी पद्धत अवलंबिली. पंचानें एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे कर्णरेषेनें ये-जा करावी. दोघां लाइन्समननीं समोरासमोरच्या बाजू धरून प्रत्येकीं एकच अर्धें मैदान सांभाळावें, तेंही पंच जेथें क्वचितच पोंचतो तें. त्यामुळें खेळ बहुधा पंच व लाइन्समन यांच्या मध्यें सांपडतो, आणि एकाच धक्काबुक्कीवर दोन दिशांनीं नजर राहते. नियम पाठ करण्यास नवशिक्याला पंधरवडा पुरतो. चेंडू येण्यापूर्वींच योग्य कोनांत जाऊन उभें राहण्याची संवय अंगीं बाणण्यास वर्षें लागतात. राउसनें १९३८ सालीं नियमांची भाषाही नव्यानें लिहिली, पण पंचांचे पाय त्यानें शहाणे केले हें काम अधिक मोलाचें.

२०१८ सालीं चलच्चित्राचें साहाय्य नियमांत शिरलें. तेव्हांपासून मोठ्या सामन्यांत संशय आला कीं पंच कडेला धांवतो आणि पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा पाहतो. १८९१ पूर्वींचा सरपंच उभा राहत असे तो याच रेषेपलीकडे.