विभावरी शिरूरकर: नाव लपवलं, पण गोष्ट सांगितली



आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, हे आपण जाणतोच. आज ऐकू या त्यांच्यानंतर पन्नास वर्षांनी लिहिणाऱ्या एका बाईबद्दल.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचं पुस्तक आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. गोष्टी होत्या शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या. एखादीचं लग्न हुंड्यापायी अडलेलं. एखादीच्या पगारावर घर चालतं, म्हणून घरच्यांनाच तिच्या लग्नाची घाई नाही. पुस्तकावर गदारोळ उठला. ही विभावरी कोण, म्हणून शोध सुरू झाला.

ते नाव खोटं होतं. लिहिणारी होती बाळूताई खरे, शिकवणारी एक बाई. जन्म १९०५ चा, पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीचा, म्हणजेच शिरूरचा. म्हणून शिरूरकर, आणि विभावरी म्हणजे रात्र. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत त्या शिकल्या. एकट्या, कमावत्या बाईनं असं उघड लिहिलं तर नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागायची. लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या, पण विभावरी हे नाव पुढेही चाललं.

पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांनी काम केलं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवत, हजेरी घेत. तिथं जे पाहिलं, त्यातून १९५० साली ‘बळी’ कादंबरी झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या जमातींना आज आपण विमुक्त म्हणतो.

मला त्यांचं मोठेपण इथं दिसतं. आधी त्यांनी आपल्यासारख्या बायकांचं दुःख मांडलं. मग कुंपणापलीकडच्या माणसांकडे पाहिलं.

तार गेली, पण मनातलं कुंपण गेलं का? आपल्या जिल्ह्यात पारधी बेडे आहेत. त्या बाया आपल्याच बाजारात येतात. आपल्या बचत गटाच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यापैकी कितीजणींची नावं आहेत? येत्या बैठकीत रजिस्टर उघडा आणि हा विषय घ्या. बोलावणं आपण धाडायचं, त्यांनी मागायची वाट पाहायची नाही.