सालीवरची बखर

वऱ्हाडी मसाल्यातले दगडफूल आपण वासावरून ओळखतो. डोळ्यांना ते चुरगळलेल्या काळपट कागदासारखे दिसते. नावात दगड आणि फूल असले, तरी ते फूल नव्हे. आणि बाजारात येणारे बरेचसे दगडावरचेही नसते, हिमालयातल्या झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेले असते. म्हणजे ज्या सालीने त्याला आधार दिला, तिचा उल्लेख नावातूनच गळून पडला. शैवाकाचा अभ्यासही पुष्कळसा असाच झाला.

शैवाक हा एक जीव नसून कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे, हे स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेन्डेनर यांनी 1867 साली मांडले, तेव्हा समकालीन अभ्यासकांनी त्यांची टर उडवली. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातली शैवाके पाहून ती हवेच्या शुद्धतेची खूण ठरू शकतात, असे नोंदवले होते. पुढे पुण्यात, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी शैवाकांचे मोलाचे वर्गीकरण केले. पण वर्गीकरणाला वाळलेला नमुना लागतो. सालीचा तुकडा पाकिटात जातो. झाड रानातच राहते.

छायाचित्रांकडून ही उणीव भरून निघायला हवी होती. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मात्र त्या काळच्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. पिवळे, नारिंगी, हिरवे सारे काळवंडून जाई. त्यातून झाड असे ते बहुधा किल्ल्याच्या किंवा देवळाच्या शेजारी, शोभेपुरते. जंगलखात्याच्या दृष्टीने झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि साल म्हणजे सोलून टाकायची गोष्ट. चित्र आणि हिशेब या दोन्ही दप्तरांतून शैवाक असे निसटले.

मेळघाटात हिंडताना साल वाचायला शिकावे लागते. सालईची साल कागदी पापुद्र्यांनी सुटते, पांढऱ्याफटक कुलूचीही तशीच. तिथे बिऱ्हाड थाटलेल्या शैवाकाला पायाखालची जमीन टिकत नाही. ऐनाची साल मात्र मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींनी भेगाळलेली, धरून राहणारी. चिखलदऱ्याच्या सुमारे 1,100 मीटर उंचीवर, धुक्याच्या ओलीत, खोडांवर राखी-हिरवे ठिपके दिसतात. हेच ठिपके उन्हाळ्यात टिपले तर फिके आणि पावसानंतर टिपले तर हिरवेगार येतात, कारण भिजल्यावर वरचा थर पारदर्शक होऊन आतले शैवल दिसू लागते. म्हणून तारीख, जमिनीपासूनची उंची, दिशा आणि शेजारी धरलेली मोजपट्टी नसेल, तर असे छायाचित्र सुंदर असेल. पुरावा असणार नाही.

पुरावा कशाला हवा? जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. साडेचार दिवसांपेक्षाही कमी वेळ. शैवाक वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर सरकते. तळहाताएवढा ठिपका म्हणजे अनेक दशकांची कमाई. रस्ता हवाच, वऱ्हाडच्या कापसाला आणि माणसांना तो लागतोच. पण रस्ता रुंद होतो तेव्हा कडेची जुनी खोडे जातात. त्यांच्या बदल्यात रोपे लावता येतात, पण रोपाच्या कोवळ्या सालीवर अजून काहीच लिहिलेले नसते.

गावाबाहेरचा एक जुना आंबा निवडून दरवर्षी त्याच दिवशी, त्याच उंचीवर, त्याच बाजूने सालीचे छायाचित्र घेण्यास फारसे काही लागत नाही. वीस वर्षांनी ती चित्रे ओळीने मांडली, तर आपण कोणत्या हवेत श्वास घेतला हे त्यांवरून कळू शकेल. झाड तोवर उभे राहिले नाही, तर तेही कळेल.