पाऊणशे रुपयांची ओढ

गेल्या उन्हाळ्यात एम. ए. ला पहिला वर्ग मिळवलेली माझी एक विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. म्हणाली, "सर, मीही प्राध्यापकच व्हायचं म्हणते. होऊ ना?" जन्मभर बेळगावात इतिहास शिकवलेल्या मला चटकन 'हो' म्हणवेना. तिच्या वाट्याला येणारे तासावारी मानधन डोळ्यांपुढे होते.

ती गेल्यावर पुण्याचे डेक्कन कॉलेज आठवले. १८७९ साली तिथे टिळक कायद्याचा आणि आगरकर एम. ए. चा अभ्यास करीत होते. सरकारी नोकरीचे दार उघडे असताना दोघांनी मास्तरकी पत्करली. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सदस्याने वीस वर्षे द्यायची आणि वेतन पाऊणशे रुपयांच्या घरातले!

तरीही मुले येत राहिली. गोखले आले, कर्वे आले. कर्व्यांच्या आधाराने शिकलेले, फर्ग्युसनचेच विद्यार्थी रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराच्या जागा त्यांना दुर्लभ नव्हत्या. पण ते आपल्या कॉलेजात परतले आणि १९०२ साली त्याचे प्राचार्य झाले.

याला आपण त्याग म्हणून मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. ते आजीव सदस्य नोकर नव्हते. संस्थेचा कारभार त्यांच्याच हाती होता. म्हणून तर बाहेरची कामे आणि मिळकत यांवरून कडाक्याचे वाद झाले, आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. परक्याच्या घरासाठी कोणी इतके भांडत नाही. आमच्या बेळगावातही १९१६ साली कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी उभारली ती सात शिक्षकांनीच.

विद्यार्थ्याला ओढ लागते ती समोर उभ्या असलेल्या माणसामुळे. ती टिकते मात्र संस्था आपली वाटली तरच. तेव्हाचे पाऊणशे आणि आजचे तासावारी मानधन यांची तुलना करून तरुणांना त्याग शिकवणे म्हणूनच मला अप्रामाणिक वाटते.

आज तिला पत्र लिहायला बसलो आहे. 'जरूर हो' असे लिहिले आहे. खाली आणखी एक ओळ घातली: 'पण जिथे जाशील तिथे पाहुणी म्हणून राहू नकोस.'