एकच इंजिन, दोन बाजार : तुरीनची कूपे आणि सोलापूरच्या शेटजींची फियाट

१/
दोन दृश्ये डोळ्यांसमोर आणा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात एक लालभडक, दोन दारांची इटालियन मोटार आहे, चित्रांच्या आणि शिल्पांच्या पंगतीत. दुसरे दृश्य मुंबईचे : ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी 'पद्मिनी' टॅक्सी म्हणून रस्त्यावर धावू शकत नाही, कारण शेवटच्या गाडीने वीस वर्षांची वयोमर्यादा गाठली. या दोन गाड्यांचे नाते काय? इंजिनाचा आकार : १०८९ घन सेंटिमीटर.

२/
हा योगायोग नव्हे. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली, तुरीनच्या फियाट कारखान्यातली. एकीची किंमत आज लिलावात काही लाख डॉलर होते, दुसरी बहुतेक वेळा भंगारात वजनावर जाते. जुन्या वस्तूची किंमत नेमकी कशाने ठरते, आणि त्या किमतीवर इतिहासाच्या विद्यार्थ्याने किती विश्वास ठेवावा, हा या धाग्याचा विषय. आणि हो, गोष्टीचा एक पाय आमच्या सोलापुरात आहे.

३/
आरंभ १९३७ पासून. फियाटने ११०० हे मॉडेल बाजारात आणले. रचनेमागे दांते जियाकोसा हे अभियंते होते. 'तोपोलिनो' या लाडक्या नावाने ओळखली जाणारी चिमुकली फियाट ५०० हीदेखील त्यांचीच. ११०० च्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. गणित करून पाहा, उत्तर १०८९ येते. साधे, काटकसरी, दुरुस्तीला सोपे असे हे इंजिन मध्यमवर्गीय कुटुंबासाठी घडवलेले होते.

४/
महायुद्ध संपले तेव्हा इटली मोडकळीस आली होती. नवे इंजिन घडवायला ना पैसा, ना पोलाद. तुरीनचे उद्योजक पिएरो दुसिओ यांनी 'चिसितालिया' नावाची कंपनी काढली आणि फियाट ११०० चेच इंजिन, त्याचेच सुटे भाग घेऊन शर्यतीच्या गाड्या बांधल्या. १९४७ च्या 'मिल्ले मिलिया' या विख्यात शर्यतीत पन्नाशी ओलांडलेले ताझिओ नुवोलारी चिसितालिया चालवून दुसरे आले. त्यांच्यापुढे गेलेल्या गाडीचे इंजिन कितीतरी मोठे होते.

५/
त्याच वर्षी पिनिन फारीना यांच्या कार्यशाळेत 'चिसितालिया २०२' या कूपेचा देह घडला. कूपे म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची बंद गाडी. बॉनेट, चाकांवरचे पंख, दिवे हे अवयव तोवर वेगवेगळे जोडल्यासारखे दिसत. इथे ते एकाच सलग पत्र्यात विरघळले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यांत ही होती. १९७२ मध्ये ती संग्रहालयाच्या कायम संग्रहात दाखल झाली; असा मान मिळवणारी ती पहिली मोटार.

६/
अशा कूपे बनल्या सुमारे १७०. कंपनी मात्र टिकली नाही. पोर्शकडून ग्रां प्री शर्यतीची गाडी बनवून घेण्याच्या खटाटोपात दुसिओ कर्जात बुडाले आणि पुढे अर्जेंटिनाला गेले. इथे बाजाराचे पहिले सूत्र ध्यानात घ्या : वस्तू व्यापारात अपयशी ठरली म्हणूनच ती दुर्मीळ झाली, आणि दुर्मीळ झाली म्हणून पुढच्या पिढ्यांनी तिला मौल्यवान मानले.

७/
आता सोलापूर. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी इथल्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. सावकारी आणि कापसाच्या पिढीजात धंद्यात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

८/
मोटारीचे स्वप्न मात्र त्यांना फार छळत राहिले. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या यांनी देशी मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकी कंपन्यांचे उंबरे झिजवले. ब्रिटिश सरकारने युद्धाच्या नावाखाली हात आखडता घेतला. १९३९ मध्ये याच कामासाठी ते अमेरिकेला गेले आणि परतीच्या प्रवासात विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. त्यातून १९४० मध्ये बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना उभा राहिला. गेले मोटार आणायला, घेऊन आले विमान!

९/
अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या डॉज आणि प्लिमथ या अमेरिकी गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. परंतु पेट्रोल आणि परकीय चलन दोन्ही वाचवू पाहणाऱ्या देशाला लहान गाडी हवी होती. म्हणून पन्नाशीच्या आरंभी फियाटशी करार झाला. वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्यांच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. ती त्यांनी पाहिली नाही.

१०/
१९६४ मध्ये ११०० डी हे मॉडेल 'डिलाइट' नावाने भारतात आले. याच मॉडेलचे इटलीतले इंजिन १२२१ घन सेंटिमीटरपर्यंत वाढवलेले होते. भारतात मात्र जुने १०८९ कायम राहिले. फियाटशी असलेला परवाना करार संपल्यावर गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी'. इटलीने ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबवले. कुर्ल्यात ते २००० च्या सुमारापर्यंत चालले. १९३७ चे माप, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत!

११/
हे कसे शक्य झाले? परवाना राज्यामुळे. १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांनी देशातून गाशा गुंडाळला. आयात जवळपास बंद, उत्पादनावर मर्यादा, मागणी प्रचंड. गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने नवी गाडी ठरावीक काळ विकण्यावर बंदी घातली, कारण लोक गाडी मिळताच चढ्या भावाने पुढे विकत होते. हातची जुनी फियाट कारखान्यातल्या कोऱ्या गाडीपेक्षा महाग, असा उलटा बाजार त्या काळाने पाहिला.

१२/
१९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती आदेशाने ठरवल्या, तेव्हा उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल १९७१ मध्ये लागला. गाडीची 'न्याय्य किंमत' म्हणजे काय, याचा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर मांडला गेला. म्हणजे एकाच गाडीला तीन किमती होत्या : सरकारने ठरवलेली, कारखान्याने मागितलेली आणि बाजाराने मोजलेली. इतिहासकाराने कोणती खरी मानावी? तिन्ही. प्रत्येक किंमत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

१३/
आता पुन्हा इटालियन कूपेंच्या जागतिक बाजाराकडे वळू. तिथला मेरुमणी म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ बनल्या. अमेरिकेत नव्या गाडीची किंमत सुमारे १८,००० डॉलर. शर्यतीतून बाद झाल्यावर त्या काही हजार डॉलरांत हातोहात फिरल्या. १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, जपानमध्ये पैशाला पूर आला होता, आणि भाव एक कोटी डॉलरच्या पुढे गेला. तो फुगा फुटल्यावर काही वर्षांतच किमती कोसळल्या.

१४/
२०१८ मध्ये अशीच एक गाडी कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुसरी ५ कोटी १७ लाखांना. इथे एक खबरदारी सांगतो. २०१८ च्या सौद्यात हातोडा पडला तो ४ कोटी ४० लाखांवर. उरलेली रक्कम लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेला अधिभार होता. बातमीत बहुधा मोठा आकडा येतो. विकणाऱ्याच्या हाती लहान आकडाही पूर्ण पडतोच असे नाही.

१५/
म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजाराचा मागोवा घेताना चार प्रश्न विचारावेत. आकडा मागितलेल्या किमतीचा की झालेल्या सौद्याचा? न विकल्या गेलेल्या वस्तू यादीत धरल्या आहेत का? वस्तू मूळ आहे का. चासीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतो का? आणि ती कोणाकोणाच्या हातून गेली, याची कागदपत्रे आहेत का? हाच शेवटचा मुद्दा किमतीत शून्ये वाढवतो. सनद, बखर किंवा नाणे तपासताना आपण दुसरे काय करतो?

१६/
आता कळीचा मुद्दा. चिसितालिया महाग आहे ती सुंदर आणि दुर्मीळ आहे म्हणून, हे खरे. पण तिच्या प्रत्येक नगाचा माग कोणीतरी काढला, छायाचित्रे जपली, पुस्तके लिहिली, हेही तितकेच खरे. पद्मिनी विपुल होती. विपुल वस्तूची नोंद कोणी ठेवत नाही, कारण ती उद्याही दारात असणार असे सर्वांना वाटते. मग एके सकाळी ती नसते.

१७/
आमच्या घरी आजोबांची फियाट होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाक. पंढरपूरच्या वाटेवर ती तापली की आजोबा बॉनेट उघडून झाडाखाली शांत बसत. ते गेल्यावर ती बरीच वर्षे गोठ्याशेजारी उभी राहिली आणि मी शाळेत असताना भंगारात गेली. पुढे शोधनिबंधासाठी घरातले कागद चाळताना तिची पावती सापडली. त्यावर गाडीचे नाव नव्हते, साल नव्हते, क्रमांकही नव्हता. 'लोखंड' एवढाच शब्द आणि पुढे वजन.

१८/
त्या पावतीने मला जे शिकवले ते सांगतो. बाजार खोटे बोलत नाही, पण तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. 'यात लोखंड किती?' असे विचारले तर वजन सांगतो. 'ही कोणाची, कुठली, केव्हाची?' असे विचारणारा कोणी उभा राहिला तरच ती वस्तू इतिहास होते. आम्ही विचारले नाही. सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या हट्टातून उभ्या राहिलेल्या कारखान्याची गाडी आम्ही सोलापुरातच तोलून दिली.

१९/
काळ अजून पुरता हातचा गेलेला नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, फेरी, इंधन वा दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या उंबरठ्यावर पोहोचल्या आहेत. शेवटच्या पद्मिनींना त्यासाठी २०५० उजाडावे लागेल.

२०/
म्हणजे मधली पाव शतकाची पिढी आज सर्वांत असुरक्षित आहे : टॅक्सी म्हणून म्हातारी, वारसा म्हणून अजून अल्पवयीन. गाडी ठेवायला प्रत्येकाकडे जागा नसते, हे मला कळते. पण कागद ठेवायला जागा लागत नाही. घरात जुने आरसी बुक, नोंदणीची पावती, मेस्त्रीच्या दुकानाचे बिल किंवा गाडीपुढे उभ्या कुटुंबाचा फोटो असेल, तर त्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीने साल, गाव आणि नावे लिहून ठेवा.

२१/
आणि गाडी खरोखरच द्यावी लागली, तर देण्यापूर्वी दोन क्रमांक उतरवून घ्या : चासीचा आणि इंजिनाचा. आमच्या फियाटचे क्रमांक आता कुणालाच ठाऊक नाहीत. तुमच्या घरचे अजून वाचता येत असतील, तर आजच वाचून घ्या.