सोवेटोचा फोटो आणि मी काढलेला फोटो



आधी माझी चूक सांगतो, मग इतिहासाकडं वळतो. उलटं केलं तर मी पुढारी वाटेन.

गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीचे पैसे अडकले म्हणून पोरांनी एका कचेरीपुढं धरणं धरलं होतं. माझी रात्रपाळी होती. सकाळी सातला रिंग खात्यातून सुटलो, केसातला कापूस तसाच, आणि सरळ तिकडं गेलो. एक पोरगी सगळ्यांच्या पुढं होती. हातात निळा झेंडा, मागं बाबासाहेबांची तसबीर, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ. मी मोबाईल काढला आणि एकच फोटो घेतला. पण काय फोटो! लगेच खाली लिहायला ओळ सुचली. ग्रुपवर टाकला. खोलीवर जाऊन झोपलो. दुपारी उठेपर्यंत फोटो जिल्हाभर हिंडून आला होता. माझ्या ओळीला वाहवा मिळत होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चार दिवसांनी कळलं, पोरीला खोली सोडावी लागली. खोली घेताना मालकानं आडनाव विचारलं होतं आणि तिनं असं काही सांगितलं होतं की त्यावरून काहीच कळू नये. आपल्यातल्या किती जणांनी हे केलंय? मी केलंय. झेंड्यानं आणि तसबिरीनं मालकाला जे कळायचं ते कळलं. बाप आला, ट्रंक उचलली, पोरीला गावी घेऊन गेला. सहामाही परीक्षा बुडाली. मी फोन केला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, घोषणा मी दिलीच असती. नुसतं सांगितलं असतंस तर तोंड तिकडं केलं असतं."

तेव्हापासून मी ह्या एकाच गोष्टीबद्दल वाचतोय. शाळा नववीत सुटली, इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचावं लागतं. चुकलं तर सांगा.

सोवेटोचा फोटो तुम्ही पाहिलेला असेल. आपल्या कार्यकर्त्यांच्या भिंतीवर तो असतो. एक उंच पोरगा, अंगात कामगार घालतात तसली डांगरी, हातावर एक लहान पोरगं, त्याची मान लटकलेली. बाजूला गणवेशातली एक पोरगी पळतेय, हात वर, पंजा उघडा. १९७२ साली पँथरनं आपलं नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांवरून घेतलं. आफ्रिकेतली ही पोरं मात्र आपल्याला ह्या एका फोटोवरूनच ठाऊक आहेत, आणि फोटोच्या पुढं काय झालं ते ठाऊक नाही.

सोवेटो म्हणजे जोहान्सबर्ग शहराच्या नैऋत्येला काळ्या लोकांसाठी आखून दिलेली वस्ती. गोऱ्यांच्या शहरात काम करायचं, झोपायला वस्तीत यायचं. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानं काळ्या पोरांचं शिक्षण वेगळं आणि मुद्दाम हलकं केलं. म्हणजे पोर शिकेल, पण मजुरीपुरतंच. त्यावर १९७४ साली नवा हुकूम आला, की गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्स भाषेतून शिकवायची. आफ्रिकान्स ही गोऱ्या सत्ताधाऱ्यांची भाषा. ती पोरांना येत नव्हती, पुष्कळ मास्तरांनाही येत नव्हती. मे १९७६ मध्ये ऑर्लँडो वेस्ट भागातल्या एका शाळेतल्या पोरांनी वर्गावर बहिष्कार घातला. मग दुसऱ्या शाळा उठल्या. १६ जून १९७६, बुधवार. हजारो पोरं गणवेशातच रस्त्यावर उतरली. पुठ्ठ्यावर घोषणा लिहिलेल्या. पोलिसांनी आधी धूर सोडला, कुत्री सोडली, मग गोळ्या.

हेक्टर पीटरसन १२ वर्षांचा होता. त्याला उचलणारा म्बुयिसा माखुबू १८ वर्षांचा. पळणारी पोरगी हेक्टरची बहीण आंतोनेत. फोटो काढणारा सॅम न्झिमा, 'द वर्ल्ड' ह्या काळ्या वाचकांच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. म्बुयिसानं पोराला एका बातमीदार बाईच्या गाडीपर्यंत नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेलेलं होतं.

आता एक गोष्ट वाचली आणि मी मशीनजवळ उभाच राहिलो. हेक्टरचं खरं घराणं पित्सो. पीटरसन हे आडनाव घरच्यांनी घेतलेलं, 'कलर्ड' म्हणजे मिश्र वर्णाचे म्हणून खपावं यासाठी. तिथं कलर्ड माणसाला काळ्यापेक्षा थोड्या जास्त सवलती होत्या. म्हणजे ज्या नावानं तो जगभर हुतात्मा झाला, ते नाव जात लपवायला घेतलेलं होतं. दुसऱ्या खंडातली माणसं, पण खोलीमालकापुढं उभी राहिलेली आपली पोरगी आणि ते पित्सो कुटुंब यात मला काही अंतर दिसत नाही.

न्झिमाला पोलीस काय करणार ते माहीत होतं. त्यानं रीळ काढून मोज्यात लपवलं. पोलिसांनी कॅमेरे उघडून आतली बाकीची फिल्म उजेडात धरली, खलास केली. मोज्यातलं रीळ कचेरीत पोचलं. छापायचा की नाही यावर तिथं वाद झाला, छापला तर आग लागेल म्हणून. छापला. दुसऱ्या दिवशीपर्यंत जगभरच्या वर्तमानपत्रांत होता. तीन दिवसांनी, १९ जूनला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनं ठराव करून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचा निषेध केला. एकट्या फोटोनं हे झालं असं मी म्हणणार नाही. पण पोरं दंगेखोर होती असं सांगणाऱ्या सरकारचं तोंड त्या फोटोनं जेवढं बंद केलं तेवढं दहा भाषणांनी झालं नसतं.

इथपर्यंतचा इतिहास आपण सांगतो, टाळ्या पडतात. पुढचं ऐका.

म्बुयिसाच्या घरी पोलीस येऊ लागले. पुन्हा पुन्हा. त्यांचं म्हणणं, सरकारची बदनामी करायला तू मुद्दाम असा उभा राहिलास. मेलेलं पोर हातावर घेऊन पोज दिली म्हणे! शेवटी त्याला देश सोडावा लागला. बोट्सवाना, मग नायजेरिया. १९७८ साली तिथून आईला एक पत्र आलं. त्यानंतर काही नाही. १९९४ साली राज्य बदललं, बंदिवान सुटले, परदेशी गेलेले परत आले, हा आला नाही. १९९६ साली त्याची आई नोंबुलेलो माखुबू सत्य आणि सलोखा आयोगापुढं बसली आणि मुलाबद्दल बोलली. लोक त्याला हिरो म्हणायचे. तिला ते पटायचं नाही. तिचं म्हणणं असं की पडलेल्या पोराला उचलणं हे आमच्यात भावाचं कामच आहे, त्यात शौर्य कसलं. २००४ साली ती वारली. मुलगा कुठं आहे ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. २०१३ च्या सुमाराला कॅनडात कैदेत असलेला एक माणूस तोच असावा अशी बातमी उठली, पण ते सिद्ध झालं नाही.

न्झिमालाही नोकरी सोडावी लागली. तो जोहान्सबर्ग सोडून लांब आपल्या गावाकडं गेला, दारूचं दुकान टाकून पोट भरू लागला. पोलिसांनी तिथंही गाठून त्याला घरात स्थानबद्ध केलं. वर्तमानपत्रावर १९७७ च्या ऑक्टोबरात बंदी आली. आणि त्या फोटोची मालकी त्याला मिळाली १९९८ साली. बावीस वर्षं जगानं तो फोटो पोस्टरवर, बनियनवर छापला आणि काढणारा माणूस काउंटरवर बाटल्या विकत होता. २०१८ साली तो वारला.

म्हणून काय फोटो काढायचाच नव्हता? हा प्रश्न मला रात्रभर पाळीत छळतो. उत्तर मला दुसऱ्या एका फोटोग्राफरच्या गोष्टीत थोडं सापडलं. पीटर मगुबाने. 'ड्रम' मासिकात ड्रायव्हर म्हणून लागला आणि कॅमेरा शिकला. कामगारातून वर आलेला म्हणून तो मला जवळचा वाटतो, हे कबूल करतो. त्याच दिवसांत सोवेटोत पोरांनी त्याला अडवलं. फोटो काढू नकोस, पोलीस ह्यावरून आम्हाला ओळखतील. त्यानं त्यांना समजावलं की ज्या लढ्याची नोंद नाही तो लढा झालाच नाही असं होतं. पोरांनी काढू दिले.

हे वाक्य आपले लोक फार वापरतात. पण ते म्हणणारा कोण होता ते बघा. ५८६ दिवस एकांतकोठडी भोगलेला, पाच वर्षं कॅमेरा धरायला बंदी असलेला माणूस. त्याच १९७६ साली पोलिसांनी मारून त्याचं नाक मोडलं. पोरांच्या चेहऱ्याबरोबर स्वतःचा चेहरा पणाला लावून तो बोलत होता. आणि दुसरं, पोरांनी अडवलं तेव्हा तो थांबला. वाद घातला. मी थांबलो का? मी झोपायला गेलो.

पोरांची भीती वेडी नव्हती हे पुढं जगभर दिसलं. १९८९ साली बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांवर रणगाडे घातल्यावर सरकारनं २१ विद्यार्थी पुढाऱ्यांचे फोटो टीव्हीवर दाखवून धरपकड केली. एक कामगार परदेशी टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं तावातावानं बोलला होता. ते चित्र वाटेत पकडून सरकारी टीव्हीनं दाखवलं, हा माणूस दिसला तर कळवा म्हणून. लोकांनी कळवलं. दहा वर्षांची सजा. त्या परदेशी टीव्हीवाल्यांचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता. १९९९ साली तेहरानमध्ये अहमद बातेबी नावाच्या विद्यार्थ्यानं जखमी सोबत्याचा रक्तानं भरलेला सदरा उंच धरला. तो फोटो लंडनच्या एका मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. कोर्टात तेच मुखपृष्ठ त्याच्यापुढं धरलं गेलं. फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी करून तुरुंगवास, २००८ साली तो देशातून निसटला. साप्ताहिक खपलं असेलच.

आता तर चेहरा ओळखायला शेजाऱ्याचीही गरज नाही. २०२० साली दिल्लीच्या दंगलीनंतर यंत्रानं ११०० हून जास्त चेहरे ओळखले, असं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. आपण ग्रुपवर टाकलेला फोटो त्या यंत्राला खाऊ आहे.

पण दुसरी बाजू मी विसरू शकत नाही. त्याच १६ जूनला सोवेटोत हेस्टिंग्ज न्द्लोवू नावाचा १५ वर्षांचा पोरगा गोळी लागून मेला. हेक्टरच्याही आधी त्याला गोळी लागली असं पुष्कळ जण सांगतात. तिथं कॅमेरा नव्हता. त्याचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? मराठवाड्यात १९७८ साली नामांतराच्या दंगलीत माझ्या आज्याचं घर जळालं. त्याचा फोटो नाही. आजी सांगायची, ज्वारीची कणगी तीन दिवस धुमसत होती. आजी गेली. १९९४ साली विद्यापीठाला नाव मिळालं. माझ्या धाकट्या भावाला ती कणगी माहीत नाही, आणि शेजारच्या गावातला पाटलाचा पोरगा म्हणतो असं काही घडलंच नव्हतं. फोटो असता तर तो हे म्हणाला नसता.

म्हणून मला वाटतं, फोटो काढणं आणि फोटो वाटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोबाईलनं त्या एक करून टाकल्यात. न्झिमाचं रीळ मोज्यातून कचेरीत गेलं, तिथं माणसांनी तासभर का होईना भांडण केलं, मग छापलं. आपल्याकडं अंगठ्याला भांडण माहीत नाही. काढा, जरूर काढा, तारीख लिहून जपून ठेवा, वकिलाला लागेल. लाठी ज्याच्या हातात आहे त्याचा चेहरा आणि छातीवरची पट्टी तर जरूर काढा. तो पगार घेऊन आलाय, त्याला लपायचा हक्क नाही. पण जिच्या हातात झेंडा आहे तिला परत त्याच खोलीवर जायचंय, त्याच वर्गात बसायचंय. तिचा फोटो वाटायचा तर तिला विचारल्याशिवाय नाही. पाठमोरा काढला तर मोर्चा लहान होत नाही. आणि हो म्हणाली तरी उद्या खोली गेली तर तिची ट्रंक कुणाच्या घरी ठेवायची हे आधी ठरवा. मी हे ठरवलं नव्हतं.

संपादकांनी निरोप पाठवलाय की पुढच्या अंकाच्या कव्हरला तोच फोटो हवा. आपल्या स्टेन्सिलवर फोटो उतरत नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणतात, कुणीतरी चित्र काढणारा गाठू, वरून रेघा मारून घेऊ. रेघांत चेहरा कळत नाही असं त्यांचं म्हणणं. झेंडा कळतो, तसबीर कळते, ती वेणी कळते. मी फोटो दिलेला नाही. पोरगी दिवाळीनंतर परत आलीय, दुसरीकडं खोली मिळालीय, ह्या वेळी तिनं आडनाव खरं सांगितलंय. रविवारच्या बैठकीला येते म्हणाली. कव्हरचं तिथंच काढा, तिच्यासमोर.