अतिरिक्त इलेक्ट्रॉनीय साहित्य

मूळ गरज संपल्यामुळे विक्रीस काढलेले अथवा देऊन टाकलेले, परंतु अद्याप वापरण्याजोगे असलेले इलेक्ट्रॉनीय साहित्य. इलेक्ट्रॉन नलिका, ग्राही, आकाशक, धारित्रे, रोहित्रे इत्यादींचा यात समावेश होतो. अशा साहित्यावर काम भागवावे की नवे घटक विकत घ्यावेत, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास विशेष महत्त्वाचा ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रडार व संदेशवहन यांची पुष्कळ सामग्री मोकळी झाली. बर्नार्ड लव्हेल यांनी डिसेंबर १९४५ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे लष्करी रडार सामग्रीनिशी संशोधनास आरंभ केला. नेदर्लंड्समध्ये १९५१ साली हायड्रोजनची २१ सेंमी. तरंगलांबीची रेषा नोंदविताना जर्मन सैन्याच्या रडारची ७·५ मी. व्यासाची तबकडी वापरली होती. रेडिओ ज्योतिषशास्त्राची पायाभरणी अशा रीतीने बऱ्याच अंशी टाकाऊ ठरलेल्या साधनांवर झाली.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण कल्याण येथील रेडिओ दूरदर्शकाचे होय. क्रिस्तीअन्सन यांनी सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या वेधांसाठी सु. १·७ मी. व्यासाच्या ३२ तबकड्यांची रांग उभारली होती. नवी रचना हाती घेण्यात आल्यावर ती अनावश्यक ठरली. तेथे प्रशिक्षण घेत असलेल्या गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी या तबकड्या भारतास मिळाव्यात अशी सूचना केली व १९५५ मध्ये त्या देण्याचे मान्य झाले. वाहतुकीच्या खर्चाचा प्रश्न निघाल्याने त्या येण्यास विलंब झाला. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडून त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आल्या. स्वरूप १९६३ मध्ये या संस्थेत रुजू झाले आणि १९६५ साली कल्याणजवळ २४ तबकड्या पूर्व–पश्चिम दिशेने ६३० मी. लांबीच्या व ८ तबकड्या दक्षिणोत्तर २५६ मी. लांबीच्या रेषेवर बसविण्यात आल्या. ६१० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर या व्यतिकरणमापकाने सूर्याचे वेध घेतले. परकीय चलनाची टंचाई असताना एका तरुण गटाला प्रत्यक्ष उपकरण उभारण्याचा अनुभव मिळाला, हे या तबकड्यांचे खरे मोल होय.

जुन्या साहित्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तापलेल्या ऋणाग्रावर चालणाऱ्या नलिकेची उत्सर्जनक्षमता कालांतराने घटते. विद्युत् विच्छेद्य धारित्रे पडून राहिली तरी सुकतात व कागदी धारित्रांतून विद्युत् गळती होते. एखादा घटक निकामी झाल्यास तसाच दुसरा मिळेल याची शाश्वती नसते. डिसेंबर १९४७ मध्ये शोध लागलेला ट्रँझिस्टर आणि त्यानंतरची एकीकृत मंडले यांना जागा व शक्ती दोन्ही कमी लागतात आणि त्यांचे गुणधर्म निश्चित असल्याने आराखडा आधी करून घटक नंतर निवडता येतात. अतिरिक्त साहित्यात मात्र हाती आलेल्या घटकाप्रमाणे आराखडा बदलावा लागतो. शिवाय इतरांनी टाकलेल्या वस्तूंवर एखादा प्रयोग उभा राहतो, देशाचा उद्योग उभा राहत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना (१९५४) व इलेक्ट्रॉनिकीविषयक भाभा समितीचे कार्य (१९६३–६६) यांमागे ही जाणीव होती.

यांत्रिक भाग व इलेक्ट्रॉनीय भाग सारख्याच वेगाने जुने होत नाहीत, हे पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शकावरून दिसते. ४५ मी. व्यासाच्या त्याच्या ३० तबकड्या कायम ठेवून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ग्राही व संकेत-प्रक्रिया यंत्रणा नव्याने बसविण्यात आल्या. त्यामुळे कंप्रता-पट्ट्याची रुंदी ३२ वरून कमाल ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत वाढली. कल्याण येथेही तबकड्या तेवढ्या जुन्या होत्या, त्यांची मांडणी व हेतू नवे होते. जुने काय ठेवावे आणि नवे काय घ्यावे, याचा निर्णय वस्तूच्या वयावरून न करता तिच्याकडून अपेक्षित असलेल्या कार्यावरून करणे इष्ट, असे या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.